नटाचे दफ्तर

समर्थ रामदासांनी दासबोधात एके ठिकाणी दशावतारी खेळाचा ओझरता उल्लेख केला आहे. त्या खेळात ज्या सुंदर स्त्रिया रंगणात येऊन मोठ्या कलाकुसरीने नेत्र मोडतात त्या सगळ्या वस्तुतः धटिंगण पुरुष असतात, असे ते सांगतात. आणि हे सांगण्यामागचा त्यांचा हेतू दृश्याचे मिथ्यात्व श्रोत्यांच्या मनावर ठसविण्याचा, म्हणजे नाट्यकलेच्या दृष्टीने पाहता अगदीच परका असा आहे. त्या नटाचे नाव काय, गाव कोणते, त्या रात्री त्याने कोणते आख्यान लावले होते, यांपैकी एकही गोष्ट इतिहासाच्या हाती लागलेली नाही. पण त्याच्या डोळ्याची ती एक हालचाल मात्र तीनशेहून अधिक वर्षे टिकून राहिली आहे, आणि ती टिकविली एका विरक्त पुरुषाने, ज्याला त्या नटाविषयी ना प्रेम होते ना कौतुक, परंतु ज्याने जे पाहिले ते नेमके पाहिले आणि नेमक्या शब्दांत नोंदविले. त्याच काळी त्या नटावर जीव टाकणारे रसिकही असतीलच. त्यांनी मागे काहीही ठेवले नाही.

प्रिय नटांच्या स्मरणाचा विचार करताना ही विसंगती मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या सिंधुदुर्गात, मालवणपासून वेंगुर्ले-सावंतवाडीपर्यंतच्या मुलखात, नटावर प्रेम करण्यात कोणी कसूर केली आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही. नट वारला म्हणजे तिठ्यातिठ्यावर त्याच्या छबीचे फलक लागतात, शोकसभा भरते, नटसम्राट, लोकराजा अशी जी बिरुदे हयातीत दिलेली असतात ती पुन्हा एकदा उच्चारली जातात, आणि एखादा जुना जाणता रसिक उठून सांगतो, ‘तसो राजा आता होवचो नाय.’ त्याच्या म्हणण्यात खोटे काहीच नसते. परंतु तसा म्हणजे कसा, हे त्याला विचारून पाहावे. तो राजा बाकड्यावर बसताना तलवार कोणत्या हाताने सावरीत असे, क्रोधाच्या प्रसंगी त्याचा स्वर चढत असे की उतरत असे, प्रधानाला प्रश्न टाकल्यावर उत्तर येईपर्यंत तो काय करीत असे, याचे उत्तर बहुधा मिळत नाही. मिळते ते आणखी एक विशेषण. आपले नट आपण विसरत चाललो आहोत अशी जी तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते ती मला तितकीशी पटत नाही. नावे सर्वांना पाठ आहेत. गहाळ झाला आहे तो मजकूर.

मजकूर हा शब्द मी जाणूनबुजून योजिला आहे, कारण दशावतारी नटाच्या बाबतीत तो अक्षरशः लागू पडतो. कार्तिक महिन्यापासून गावोगावच्या जत्रांना सुरुवात होते; देवाची पालखी प्रदक्षिणा घालून देवळात परतली की मध्यरात्रीच्या सुमारास देवळासमोर खेळ उभा राहतो, आणि उजाडता दहीकाल्याने त्याची सांगता होते. कोणत्या गावच्या जत्रेला कोणत्या मंडळीने खेळ करावयाचा याचे मान पुष्कळ ठिकाणी पिढीजात ठरलेले आहेत, आणि आजगावकर, आरोलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशी मंडळींची नावे एखाद्या वतनाच्या सनदेप्रमाणे लोकांच्या तोंडी आहेत. आरंभी आड दशावतार होतो, त्यात गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी येतो, वेद चोरणारा संकासूर येऊन मालवणीतून सगळ्यांची टवाळी करून जातो. त्यानंतर मुख्य आख्यान. या आख्यानाला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे, प्रसंगांचा क्रम कसा राखावयाचा, एवढे रंगपटात तोंडाला रंग चढत असतानाच ठरते, आणि मग पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या सामग्रीवर, एका बाकड्याच्या आधाराने, नट बाहेर येऊन जे बोलतो ते तो त्या क्षणी रचीत असतो. पुराणकथा सर्वांचीच, पण दुर्योधनाच्या किंवा चंद्रहासाच्या मुखी त्या रात्री जी वाक्ये आली ती त्या एका नटाची.

याचा अर्थ असा की, दशावतारी नट हा एकाच वेळी नटही असतो आणि ग्रंथकर्ताही असतो. गडकऱ्यांचे नाटक करणारा नट वारला तर गडकरी उरतात. नेरूरचे बाबी कलिंगण किंवा त्यांचे चिरंजीव सुधीर कलिंगण गेले, बाबी नालंग गेले, तेव्हा नटाबरोबर त्याचे पुस्तकही गेले; आणि आपण मात्र शोकसभेत त्यांच्या ‘अभिनया’चेच गुणगान करीत राहिलो, जणू अभिनय तेवढा त्यांचा होता आणि वाक्ये दुसऱ्या कोणीतरी लिहून दिली होती. मालवणात नगरपालिकेच्या नाट्यगृहाला नाटककार मामा वरेरकरांचे नाव आहे, ते योग्यच आहे. परंतु लेखकाचा मान लेखणी हाती धरणाऱ्यालाच द्यावयाचा ही आपली सवय इतकी जुनी आहे की, तोंडाने ग्रंथ रचणारे शेकडो ग्रंथकर्ते दर वर्षी आपल्याच देवळांसमोर उभे असताना ते आपल्या नजरेस येत नाहीत. त्यांतले बहुतेक दिवसा शेतीवाडी किंवा मोलमजुरी करणारे, ही गोष्टही त्या न दिसण्याला थोडीशी कारणीभूत असावी.

नेमक्या नोंदीने काय साधते याची साक्ष फार दूरच्या एका देशातून काढावी लागते. १९१३ सालच्या मे महिन्यात दोन घटना घडल्या. ३ मे रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, आणि त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. २९ मे रोजी पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर निजिन्स्कीने बसविलेला ‘वसंतयाग’ हा बॅले प्रथम सादर झाला आणि प्रेक्षागारात दंगा उसळला. निजिन्स्की हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय नर्तक. पण त्याच्या नृत्याचे चलच्चित्र आज एकही उपलब्ध नाही, आणि तो बॅले थोड्याच प्रयोगांनंतर बंद पडून नाहीसा झाला. पुढे सुमारे सात दशकांनी, १९८७ साली, अमेरिकेत मिलिसेंट हॉडसन या विदुषीने तो पुन्हा उभा केला, तो कशाच्या बळावर? निजिन्स्कीच्या साहाय्यक मारी रांबेर यांनी संगीताच्या प्रतीवर पावलांविषयी आपल्या हाताने केलेल्या टिपा, आणि प्रेक्षागारात बसून एका चित्रकर्त्रीने घाईघाईने काढलेली रेखाटने, हाच मुख्य आधार. निजिन्स्की देवासारखा नाचतो असे लिहिणारी वृत्तपत्रांतली टिपणे त्या कामी कितीशी उपयोगी पडली असतील याची कल्पना करता येते. इकडे साळुंक्यांची तारामती फाळक्यांच्या चित्रपटाच्या जेवढ्या फिती वाचल्या तेवढीच आपल्याला दिसते. मूकपटांच्या काळातील बहुसंख्य चित्रपट तर जळून, सडून नष्टच झाले, आणि त्यांतील नटनटी आज जाहिरातींतल्या नावांपुरत्याच उरल्या आहेत.

निजिन्स्कीच्या या कथेचे अगदी घरचे प्रतिरूप मालवणातच जन्मले, ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आचार्य पार्वतीकुमार (१९२१-२०१२) हे मूळचे मालवणचे, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. मुंबईत येऊन ते नर्तक झाले, नृत्यरचनाकार झाले, इंडियन नॅशनल थिएटरसारख्या संस्थेसाठी त्यांनी बॅले बसविले. शांती बर्धनांनी १९५२ साली लिट्ल बॅले ट्रूप स्थापन केले, ते हेच दिवस, जेव्हा मुंबईत बॅले हा शब्द सुशिक्षितांच्याच नव्हे तर कामगारवस्तीतल्या माणसांच्याही ओळखीचा होऊ लागला होता. पण पार्वतीकुमारांचे खरे कार्य याहून निराळे आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी भरतनाट्याच्या प्रयोगासाठी मराठीत रचलेली निरूपणे सरस्वती महाल ग्रंथालयात पडून होती, आणि ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने १९५८ साली त्या ग्रंथालयाने ती छापली. शब्द हाती आले, नृत्य हाती नव्हते. कोणत्या अक्षरावर कोणता हस्त, कोणत्या बोलावर कोणते पाऊल, राजासमोर त्या नर्तकीने ते पद कसे केले, हे सांगणारे कोणी उरले नव्हते, आणि या राजाच्या दरबारात नाचलेल्या त्या नर्तकींची नावे आपल्याला रामदासांच्या नटाइतकीच अज्ञात आहेत. पार्वतीकुमारांनी संस्कृत नृत्यग्रंथांच्या आणि जिवंत परंपरेच्या आधाराने ती निरूपणे पुन्हा अंगावर आणली, सुचेता भिडे-चापेकरांसारख्या शिष्येच्या हाती सोपविली, आणि मराठी भाषेत भरतनाट्य होते ही विसरलेली गोष्ट मराठी माणसाला पुन्हा दाखवून दिली.

मला या कार्याची जी बाजू सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती ही की, मालवणच्या या पुत्राला तंजावरात जी अडचण पडली तिच्या नेमकी उलट अडचण त्याच्या जन्मगावच्या कलेची आहे. तिकडे अक्षरे उरली आणि अंग गेले. इकडे अंग उरते, कारण मुलगा बापाच्या किंवा मंडळीतल्या जाणत्याच्या मागे उभा राहून बसणे-उठणे, युद्धाचे पदन्यास, स्त्रीवेषातले पदर सावरणे हे सारे शिकतो, आणि एखाद्या नवख्या पोराच्या चालीत आजोबांची चाल डोकावताना रसिकाला दिसते; परंतु अक्षरे जातात. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीत तिसराच प्रकार झाला: पिढ्यानुपिढ्यांची चित्रे जपून राहिली, पण त्या चित्रांना बोलते करणारे निवेदन करू शकणारे फार थोडे उरले. सरकारने २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री दिली तेव्हा चित्रांचे फोटो सगळीकडे छापून आले; त्यांच्या कथनाबद्दल चार ओळी कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, आता हा सारा खटाटोप कशाला, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. खरे आहे, जत्रेतल्या खेळाचे चित्रण आता इतके होते की, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना उंचावलेल्या हातांमधून वाट काढून राजा पाहावा लागतो. परंतु कॅमेऱ्याने नट राखला जातो हा समज मला भाबडा वाटतो, आणि याचा पुरावा म्हणून बालगंधर्वांकडेच बोट दाखविता येईल. साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना स्त्रीभूमिकेत डोक्यावर घेतले ते बालगंधर्व शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’त, १९३५ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले ते संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत. पुढे दोन वर्षांनी मीराबाईवरच्या चित्रपटात त्यांनी स्त्रीवेष घेतला खरा, पण तो चालला नाही, आणि रंगमंचावरच्या सिंधूला किंवा भामिनीला ज्यांनी पाहिले होते त्यांना तर तो कॅमेरा म्हणजे उशिरा आलेला पंचनामा वाटला असल्यास नवल नाही. यंत्र जे टिपते ते खरेच असते. ते योग्य वेळी, योग्य जागी असेलच याची हमी नसते. शिवाय टिपलेले राहील याचीही नसते. लंडनच्या बीबीसीसारख्या संपन्न संस्थेने साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. पुण्यात २००३ साली जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून अमोल वारसा भस्मसात झाला. आणि आजच्या फोनवरच्या त्या हजारो चित्रफितींचे म्हणाल तर, कोणत्या गावची जत्रा, कोणते साल, पायपेटीवर कोण, समोरच्या प्रधानाचे नाव काय, यांतले काहीच त्यांवर नोंदलेले नसते. कोणत्याही कचेरीत अशा कागदाला बेवारस म्हणतात.

दूरदर्शनच्या मालिकांनी स्मरणाची आणखीच निराळी तऱ्हा निर्माण केली आहे. आकेरीच्या ज्या घरात ‘रात्रीस खेळ चाले’चे चित्रण झाले ते घर पाहावयास मुंबई-पुण्याहून माणसे येऊ लागली, आणि अण्णा नाईक हे नाव घराघरांत गेले. पण ती भूमिका माधव अभ्यंकरांनी केली हे त्या गर्दीतल्या कितीजणांना सांगता येईल? दशावतारात याच्या अगदी उलट असते: आख्यानातल्या राजाचे नाव सकाळपर्यंत विसरले तरी नटाचे नाव विसरत नाही. मालिकेत माणूस रोज आपल्या ओटीवर येतो, म्हणून तो पात्रच होऊन बसतो, नट राहत नाही. आणि मालिका संपली की ते पात्रही घराच्या भिंतीत मुक्काम करून राहते, नटाला त्याचा फारसा वाटा मिळत नाही. दिलीप प्रभावळकरांसारख्याला या नियमाचा अपवाद होता आले. चिमणराव म्हणून ज्यांना एका पिढीने ओळखले त्यांनाच २०२५ सालच्या ‘दशावतार’ चित्रपटात बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी नटाच्या रूपाने दुसरी पिढी ओळखू लागली. या चित्रपटाबद्दल आमच्याकडे जो आनंद झाला त्यात मीही सामील आहे. तरी एक शंका राहतेच की, उद्या कोणाला दशावतारी नट आठवायचा झाला तर डोळ्यांसमोर एखादा खरा नट येईल की प्रभावळकर येतील.

मच्छिंद्र कांबळींच्या (१९४७-२००७) बाबतीत मात्र परिस्थिती काहीशी सुखाची आहे, आणि ती का आहे हे पाहण्यासारखे आहे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले. आरंभी ते धडपडतच चालले, आणि मग पु. ल. देशपांड्यांनी ते पाहून जे पत्र लिहिले, ज्यात आपल्याला या नाटकात एखादी भूमिका मिळायला हवी होती असा भाव होता, त्याने त्याचे नशीब फिरले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. त्या नाटकाचा विषयच असा की, गावची मंडळी महाभारताचे नाटक करावयास निघतात आणि त्यांचे काय काय होते; म्हणजे दशावताराच्या रंगपटातली सारी धांदल, विसरलेली वाक्ये, मानापमान, हे सारे लिखित संहितेत आले. त्या संहितेवर कांबळींनी तात्या सरपंचाच्या रूपाने हजारो प्रयोगांत जी उत्स्फूर्त भर घातली ती सगळी नोंदली गेली असे नाही, परंतु खालची जमीन मोजलेली असल्यामुळे भर कोठे पडत होती हे निदान ओळखता तरी येते. त्यांच्यानंतर ज्यांनी ज्यांनी ती भूमिका केली त्यांना आपण कोठे कांबळींचे उसने घेतो आणि कोठे आपले स्वतःचे बोलतो हे कळत असणार. मालवणी बोली नाटकात आणून तिला मुंबईच्या शिवाजी मंदिरात प्रतिष्ठा मिळवून दिली, एवढेच त्यांचे श्रेय सांगितले जाते. माझ्या मते त्यांच्या हयातीतल्या कामाची अधिक मोलाची बाजू ही की, दशावतारी उत्स्फूर्ततेला प्रथमच अशी जागा मिळाली जिथे ती मोजून पाहता येते.

नोंदीचा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. वृद्ध कलावंतांना सरकारकडून मानधन मिळण्याची योजना आहे, आणि तिच्यासाठी अर्ज करावयाचा तर कलेची सेवा केल्याचा पुरावा जोडावा लागतो. ज्या कलेत कागदच नाही, त्या कलेत चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाने कोणता कागद जोडावा? जत्रेच्या कमिटीचा एखादा दाखला, कुठल्या तरी सत्कारात मिळालेले स्मृतिचिन्ह, वर्तमानपत्रातले कात्रण, असे जमवून तो तालुक्याला जातो. आणि त्या कात्रणात बहुधा त्याच्या कामाचे वर्णन नसते, बिरुद असते. बिरुदावर सरकारी कचेरीतही काही भागत नाही.

या सगळ्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो खुद्द मंडळींतल्या जाणत्यांकडूनच येतो म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. ते म्हणतात, बोललेले लिहून काढलेत तर उद्याची पोरे ते पाठ करतील, आणि मग हा खेळ दशावतार राहणार नाही, नाटक होईल. ही भीती मला पोकळ वाटत नाही. पाठ केलेल्या भाषणाने रंगलेले आख्यान मध्येच कसे गार पडते ते जत्रेतल्या कोणत्याही प्रेक्षकाला ठाऊक आहे. पण सरफोजींची निरूपणे अक्षर न अक्षर छापलेली असूनही पार्वतीकुमारांना एक पाऊलही त्या छापील पानावरून उचलता आले नाही, सगळे नव्याने शोधावे लागले; आणि ‘वस्त्रहरण’ छापलेले असूनही तात्या सरपंच दर प्रयोगाला निराळा होत असे. माझे म्हणणे वाक्ये उतरून काढा एवढेच नाही. ज्या रात्री एखाद्या नटाने प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहताना बाकड्यावरची जागा बदलली, आणि त्यामुळे प्रधानाला आपले ठरलेले उत्तर टाकून दुसरे द्यावे लागले, त्या रात्री ते का झाले हे कोणीतरी लिहून ठेवावे. पाठ करावयाला त्यात काहीच नाही. पुढच्या नटाला मात्र कळेल की त्या जागी दोन रस्ते होते, आणि त्याला तिसरा काढायचा असेल तर कोठून काढावा.

हे काम नटांनी करावयाचे नाही, त्यांना ती फुरसतही नाही. आमच्या गावागावांत निवृत्त शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीचे जुने कारकून आहेत, सातबाराच्या उताऱ्यातली एक चूक शोधण्यासाठी वर्षभर तालुक्याच्या चकरा मारण्याची चिकाटी असलेली माणसे आहेत. जत्रेला ती दर वर्षी पहिल्या रांगेत येऊन बसतातच, आणि खाज्याची पुडी सोडून रात्रभर जागतात. त्यांच्याजवळ वही असायला कोणाची हरकत असेल असे मला वाटत नाही, फक्त संकासूर तेवढा त्यांची टर उडविल्यावाचून राहणार नाही.